गाडी काढणार नाही, असं म्हणायचा हक्क

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,


मी कऱ्हाडचा व्हॅनचालक. 1986 साली मॅटाडोरवर क्लीनर म्हणून चढलो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. आज माझी स्वतःची सतरा आसनी डिझेल ट्रॅव्हलर आहे आणि तिच्यावर माझ्याखेरीज एक तरुण पोरगा चालक आहे. गणपती दोन आठवड्यांवर आलेत. रोज फोन वाजतोय. कुणाला चिपळूण हवंय, कुणाला गुहागर, कुणाला देवरुख. पुढचे पंधरा दिवस इथून कुंभार्ली, पुण्याहून ताम्हिणी, कोल्हापूरहून आंबा आणि गगनबावडा अशा सगळ्या घाटांतून माझ्यासारख्या गाड्या रात्रंदिवस कोकणात उतरतील. पाऊस असेल, धुकं असेल, टपावर बॅगा असतील, आत म्हातारीकोतारी आणि लेकरं असतील. म्हणून हे पत्र आत्ताच लिहितोय. विसर्जनानंतर लिहून उपयोग नाही.

एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं आपल्यापर्यंत पोचणार नाही. 1991 चा मे महिना, भर लग्नसराई. पाटणजवळच्या एका गावातून वऱ्हाड घेऊन चिपळूणला जायचं होतं. मी बावीस वर्षांचा, दुसऱ्याच्या मॅटाडोरवर पगारी चालक. पहाटे गाडी बाहेर काढताना ब्रेकचं पेडल मऊ लागलं. एकदा दाबलं की खाली जायचं, दोनदा पंप केल्यावर धरायचं. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "पंप मारत ने. मुहूर्त तुझ्यासाठी थांबणार आहे का?" मालक वाईट माणूस नव्हते. त्यांचं गाडीवर कर्ज होतं आणि वऱ्हाडाकडून इसार घेतलेला होता. मी गाडी काढली.

हेळवाक मागे पडलं आणि घाट लागला. उताराला गाडी न्यूट्रल सोडायची, डिझेल वाचतं, ही त्याच मालकांची शिकवण. मी तसंच करत होतो. काही वळणं गेल्यावर ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास आला. पुढच्या वळणाला पाय दाबला आणि पेडल थेट फळीला टेकलं. गाडी गिअरमध्ये घालायचा प्रयत्न केला, ती गिअर घेईना. शेवटी डोंगराच्या बाजूला स्टेअरिंग ओढलं, चाक गटारात घातलं आणि गाडी कडेला घासत घासत थांबली. कुणी दगावलं नाही. दोघांना टाके पडले आणि नवरदेवाच्या आत्याचा उजवा हात मनगटात मोडला. त्या हाताने त्यांना पुढे कधी भाकरी थापता आली नाही, हे मला काही वर्षांनी कळलं. पोलिसांनी कागदावर 'ब्रेक निकामी' असं लिहिलं. ब्रेक मात्र पहाटेपासून सांगत होता.

त्या पहाटे माझ्याकडे दोन गोष्टी नव्हत्या. पेडल मऊ का लागतं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि 'आज ही गाडी निघणार नाही' असं म्हणायची माझी पत नव्हती. इतक्या वर्षांनंतर माझ्या मुलाच्या वयाचे चालक व्हॅन चालवताना बघतो, तेव्हा त्यांच्याकडेही याच दोन गोष्टी नसतात. या दोन्हींबद्दल आपण काही करू शकता, म्हणून आपल्याला लिहितोय.

आधी शिकवण्याबद्दल. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्या माणसाला एकूण वजन 7,500 किलोच्या आतलं व्यावसायिक वाहनही चालवता येईल. या निकालाने अनेक पोरांची भाकरी वाचली आणि विम्याचे वर्षानुवर्षं अडलेले दावे मोकळे झाले. मला तो निकाल मान्य आहे आणि त्याबद्दल आनंदच आहे. पण त्याचा रस्त्यावरचा अर्थ नीट बघा. एखादा पोरगा छोट्या पेट्रोल कारमध्ये, सपाट मैदानावर, इंग्रजी आठ काढून लायसन्स मिळवतो. त्याच लायसन्सवर तो दुसऱ्या दिवशी सतरा माणसं आणि टपावर सामान घेऊन कुंभार्ली उतरू शकतो. कायद्याने दार उघडलंय. आत आल्यावर काय करायचं हे शिकवण्याचं काम कुणीतरी अंगावर घ्यायला हवं, आणि ते आपल्या खात्याशिवाय दुसरं कुणी घेणार नाही. मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात वाहनाची यंत्रणा आणि दुरुस्ती हा भाग केंद्रीय नियमांतच आहे. तो कागदावर आहे. मी गेल्या दहा वर्षांत ठेवलेल्या एकाही चालकाने शिकताना बॉनेट उघडलेलं नव्हतं.

काय शिकवायचं? माझ्याकडे चालक म्हणून येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी जे शिकवतो तेच सांगतो. डिझेल इंजिन पेट्रोलसारखं हवा कोंडत नाही, त्यामुळे ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम त्यात आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. अल्टरनेटर फिरतो बेल्टवर. म्हणजे घाटात बेल्ट तुटला तर नुसतं चार्जिंग जात नाही. थोड्या वेळात ब्रेकही दगडासारखा कडक होतो, आणि ज्या गाडीत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असतो तिचं इंजिनही तापतं. दोन-अडीचशे रुपयांचा तो पट्टा. पहाटे बॉनेट उघडून बोटाने दाबून बघायला अर्धं मिनिट लागतं. चिरा पडल्या असतील तर बदलायचा. इंजिन बंद करून उतार उतरणारा चालक हाच व्हॅक्यूम स्वतःच्या हाताने बंद करतो. दोन-तीनदा पेडल दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि मग दोन्ही पायांनी उभं राहिलं तरी गाडी थांबत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेक ऑइलची. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. नवीन डॉट 3 ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की 140 अंशांनाच उकळू लागतं. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम आणि डिस्क तापतात, ती उष्णता आत जाते, ऑइलची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक लागत नाही. माझ्या मॅटाडोरमध्ये आधीच हवा होती, त्यात ही वाफ झाली. ते ऑइल दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्याकडे ते कमी झालं की वरून भरतात, आणि ते कमी का होतंय हे विचारत नाहीत. लायनर झिजले तर पातळी खाली येते, आणि चाकाच्या सिलेंडरमधून गळत असेल तरीही येते. वरून भरलं की इशारा पुसला जातो.

आणि न्यूट्रलबद्दल तर मला मालकांशीच बोलायचं आहे, कारण हा सल्ला त्यांच्याकडूनच येतो. डिझेल वाचत नाही हो. उताराला गाडी गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, तेव्हा चाकंच इंजिन फिरवत असतात, आणि आताच्या कॉमन रेल इंजिनात त्या वेळी डिझेलचा थेंबही आत जात नाही. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या बळावर फिरावं लागतं, म्हणून ते डिझेल पितं. गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढते त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हे मला अपघातानंतर कोयनानगरच्या एका वस्तादांनी सांगितलं. वळणाच्या आधी वेग तोडायचा, ब्रेक जोराने पण थोडा वेळ दाबायचा, सोडायचा, त्याला गार व्हायला सवड द्यायची. हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं, पण त्यासाठी घाट लागतो. मैदानावर ते शिकवता येत नाही.

नव्या गाड्यांनी आणखी काही गोष्टी आणल्या आहेत, त्याही थोडक्यात लिहितो. 1 एप्रिल 2020 पासून धुराचे बीएस 6 निकष आले, त्यामुळे धूर खरोखर कमी झाला आणि मला त्याचं समाधान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2012 सालीच डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो असं स्पष्ट केलं होतं, आणि आम्ही तर आयुष्यभर त्याच धुरात उभे राहिलो. पण सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळताना आतलं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. अशा वेळी गाडी पठारावर वाळलेल्या गवतात उभी केली तर खालचं गवत पेट घेऊ शकतं. डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागला की गाडी हमरस्त्यावर थोडा वेळ एका वेगात पळवायची असते. शाळेच्या आणि कंपनीच्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना ती संधीच मिळत नाही, आणि मग गॅरेजवाला फिल्टरच काढून टाकायचा सल्ला देतो. कॉमन रेलच्या नळीत 1,600 बारपर्यंत दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या शेकडो पट. चालू इंजिनात गळती शोधायला हात फिरवला तर डिझेलची बारीक धार कातडीच्या आत घुसते. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आतलं मांस सडतं. असं झालं तर तासाभरात मोठ्या दवाखान्यात गेलं पाहिजे, हे किती मेकॅनिकांना माहीत आहे? आणि रात्री गिऱ्हाईक मुक्कामाला गेल्यावर काचा लावून, इंजिन चालू ठेवून, एसीत झोपणारे चालक दर उन्हाळ्यात दिसतात. सायलेन्सरचा एखादा जोड फुटका असेल तर विषारी वायू गाडीत भरतो आणि झोपलेल्याला कळतही नाही.

आगीचं सांगायलाच हवं. 19 मार्च 2025 रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये चौघे होरपळून गेले. ती आग लावलेली होती असं पोलिसांनी सांगितलं, तो भाग न्यायालयाचा. माझ्या डोक्यातून जात नाही ते मागचं दार. मागे बसलेल्यांना ते उघडता आलं नाही, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. मी त्या संध्याकाळी माझ्या गाडीचं मागचं दार आतून उघडून बघितलं. उघडलं, पण जोर लावावा लागला. बिजागरीला गंज होता, आणि दारापाशी जादाची सीट ठेवायची आमची सवय. आता दर शनिवारी ते दार आतून उघडून बंद करतो. बॅगा मधल्या वाटेत ठेवू देत नाही, गिऱ्हाईक कितीही चिडलं तरी. व्हॅनला लागणाऱ्या ज्या आगी मी जवळून पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक वायरिंगच्या होत्या. मालक हौसेने रंगीत दिवे, मोठे स्पीकर, दहा मोबाइलचे चार्जर लावतो, आणि फ्यूज न टाकता बॅटरीवरून थेट वायर ओढतो. फिटनेसच्या दिवशी हे सगळं काढून ठेवलेलं असतं.

फिटनेसवर मी फार लिहीत नाही. पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा आणि पुढे दरवर्षी. त्या एका दिवसासाठी गाडी धुतली जाते, आणि चांगले टायर शेजाऱ्याकडून आणून बसवल्याचंही मी पाहिलंय. उरलेले दिवस गाडी कुणाच्या हातात असते? चालकाच्या. पेडल मऊ झालं, स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली, पाट्याचं एक पान तुटलं, हे सगळ्यात आधी त्याला कळतं. मग त्याने काय करावं?

कायदा त्याला काय सांगतो ते बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे, दोष माहीत असताना गाडी चालवणारा गुन्हेगार आहे आणि चालवायला लावणाराही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांपुरता होता आणि आमच्याकडे बहुतेक मालकांच्या एक-दोनच गाड्या. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 91 कामाच्या तासांचे तेच नियम प्रत्येक व्यावसायिक वाहनाच्या चालकाला लावत आलंय. म्हणजे कागदावर माझ्या पोराला विश्रांतीचा हक्क आहे. त्याला हे मी सांगितलं तेव्हा तो हसला. गणपतीत त्याने आधीच्या मालकाकडे तीन रात्री सलग घाट केला होता, आणि तिसऱ्या रात्री क्लीनरने त्याला दोनदा हलवून जागं केलं होतं.

जादा माणसांचंही तेच. 15 ऑक्टोबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून 12 भाविक गेले. त्या गाडीत 35 जण होते. त्या अपघाताला इतरही कारणं होती, ती आपल्या खात्याला पूर्ण ठाऊक आहेत. मी फक्त त्या चालकाच्या जागी स्वतःला बसवून बघतो. नातेवाईक सगळे चढलेत, आणखी दोन म्हाताऱ्या दारात उभ्या आहेत, मालक फोनवर आहे. तिथे 'बास, उतरा' असं म्हणायला चालकाच्या पाठीशी कोण आहे? जादा प्रवाशामागे 200 रुपये दंड आहे. सतरा आसनी गाडीत अठरा माणसं जास्त भरली तरी होतात 3,600 रुपये, आणि एवढे तर त्यांच्या तिकिटांतूनच वसूल होतात. दंडाने हे थांबणार नाही. चालकाने नाही म्हटलं तर थांबेल, आणि नाही म्हटल्यावर त्याची नोकरी राहिली तरच तो म्हणेल.

म्हणून मागतोय ते असं. प्रवासी व्हॅनमध्ये एक वही सक्तीची करा, परवान्याच्या कागदांसोबत ठेवायची. रोज गाडी काढण्याआधी चालकाने त्यात लिहावं: ब्रेकचं पेडल, ऑइलची पातळी, कूलंट, बेल्ट, टायर, मागचं दार, आणि काल तो किती वाजता झोपला. दोष आढळला तर तोही लिहावा आणि खाली मालकाची सही किंवा फोनवर दिलेला हुकूम नोंदवावा. माझ्या मालकांना त्या पहाटे 'पंप मारत ने' असं लिहून सही करावी लागली असती, तर त्यांनी गाडी काढायला लावली नसती. ते तसे माणूस नव्हते. बोललेलं हवेत विरतं, म्हणून बोलणं सोपं असतं. रस्त्यावर आपले निरीक्षक गाडी थांबवतील तेव्हा त्यांनी पीयूसी आणि विम्याआधी ही वही मागावी. आणि वहीत दोष लिहून गाडी काढायला नकार देणाऱ्या चालकाला कामावरून काढलं, तर त्याने कुठे जायचं याचं उत्तर एका फोन नंबरच्या रूपात त्या वहीच्या पहिल्या पानावर छापा.

आणि प्रत्येक घाटाच्या माथ्यावर एक मोकळी, काँक्रीटची जागा द्या, तिथे प्रवासी व्हॅन दहा मिनिटं थांबलीच पाहिजे असा नियम करा. रस्ता बांधकाम खात्याचा आहे, हे मला माहीत आहे. पण आपण मागितलं तर ते देतील, मी मागून देणार नाहीत. ज्या पोरांनी कधी घाट उतरलेला नाही त्यांच्यासाठी आपल्या प्रादेशिक कार्यालयांनी एक दिवसाचं शिक्षण सुरू करावं, अर्धा दिवस बॉनेटखाली आणि अर्धा दिवस घाटात. शिकवायला माणसं मिळतील. कऱ्हाड, महाड, शाहूवाडी, इगतपुरी, जिथे घाट आहे तिथे आयुष्यभर घाट केलेले जुने चालक घरी बसलेत, गुडघे गेलेत म्हणून. त्यांना मानधन फार लागणार नाही. मी तर विनामोबदला येईन.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे, मीही आता मालकच आहे. हप्ता थांबत नाही. एक फेरी रद्द झाली की महिन्याचा हिशोब कोलमडतो. गेल्या वर्षी माझ्या पोराने देवरुखची फेरी सुटायच्या तासभर आधी सांगितलं, "काका, पुढचं डावं चाक तापतंय, मी नाही नेत." मला राग आला. गिऱ्हाईकाला दुसरी गाडी करून दिली, वरचे पैसे मी भरले. चाक उघडलं तर बेअरिंग संपलेलं होतं आणि कॅलिपर अडकलेला. त्या दिवशी मी पोराला काही बोललो नाही, कारण काय बोलावं ते सुचेना. दुसऱ्या दिवशी त्याचा पगार वाढवला.

आपल्याला एक विनंती आहे. गणपतीआधी एखाद्या पहाटे कऱ्हाडला या, सरकारी गाडी इथेच सोडा आणि माझ्या व्हॅनमध्ये चालकाशेजारच्या सीटवर बसा. पोरगा चालवेल, मी मागे बसेन. निघण्याआधी तो जे जे तपासतो ते आपण उभं राहून बघा, दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाही. हेळवाकला चहा घेऊ. तिथून पोफळीपर्यंत गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरेल. मागून हॉर्न वाजतील, ते वाजू द्यायचे. खाली पोचलो की गाडी बाजूला घेऊ आणि आपण स्वतः चाकाजवळ हात नेऊन बघा, ब्रेक किती तापलाय तो.

आपला विश्वासू,
एक व्हॅनचालक, कऱ्हाड